ब्याऐंशी वर्षं भरलेला बार

१४ मे २०१९, मंगळवार

आज वर डोंगरात ब्रेगमाल गावी जाऊन आलो. श्कोडरहून चार तास, त्यातले शेवटचे दोन नुसते दगडगोट्यांतून. गाडीचा खुळखुळा झाला, माझाही. पण बंदूक मिळाली! अकरावी. माझी मेना असती तर म्हणाली असती, "दातांच्या डॉक्टरला अकरा बंदुका? तुमच्या खुर्चीला बघूनच रोगी पळतात, पुन्हा बंदुका कशाला?" ती गेल्यापासून घरात बोलायला या बंदुकाच आहेत.

तिथल्या प्रेंगने आमच्या नेमबाज मंडळाला कळवलं होतं की त्याच्या शेजारी एक एकटी म्हातारी राहते आणि तिच्याकडे तुर्कांच्या अमदानीतली लांब बंदूक आहे. डीला तिचं नाव. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, ताठ. मी तिला माई म्हटलं. बंदूक चुलीच्या वर आडवी टांगलेली. नळी जमिनीवर उभी केली तर माझ्या कानाला लागेल एवढी. दस्ता मनगटाएवढा बारीक, त्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर वेलबुट्टी, चकमकीचा घोडा अजून घट्ट. असा ऐवज मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. तोंडाला पाणी सुटलं, पण चेहरा निर्विकार ठेवला. घासाघीस करायची असते ना.

म्हातारीने मक्याची भाकरी, चीज, राकीचा पेला पुढ्यात ठेवला आणि कॉफी ओतता ओतता विचारलं, "कुठले तुम्ही मूळचे?"

"श्कोडरचेच. आजोबा मात्र इकडून डोंगरातूनच खाली आले. व्यापाराला."

"नाव काय त्यांचं?"

आजोबांचा विषय निघाला की मला आवरत नाही. "कोल. डावखुरा कोल म्हणत त्यांना. डाव्या खांद्याला बंदूक लावायची आणि एका गोळीत तितर खाली. कधी नेम चुकला नाही म्हणतात. मीही डावखुरा, पण माझ्या हाती आलं दात उपटणं." आणि स्वतःच हसलो.

कॉफी कपातून बशीत आणि बशीतून चटईवर गेली. म्हातारीचं लक्षच नव्हतं. वय झालं की हात कापतात.

"पुलाजवळचा दातांचा डॉक्टर तू?"

"तोच. ऐकलंय वाटतं?"

बंदुकीचा भाव विचारला तर म्हणाली, "विकायची नाही." मी चढवत चढवत गेलो, ती भिंतीकडे बघत बसली. शेवटी उठलो. उठता उठता तिचा गाल दिसला, उजवीकडे सुजलेला. सवयीने डावा हात तिच्या हनुवटीखाली धरला, मान उजेडाकडे वळवली आणि म्हटलं, "आ कर बघू. माई, ही दाढ काढायला हवी. खाली आलीस की काढून देतो, दुखणार नाही." ती आ करून माझ्याकडे बघतच राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. दुखत असणार.

मी कुंपणापर्यंत पोचलो तोच तिने हाक मारली. बंदूक हातात घेऊन अंगणात उभी. "मान खाली कर," म्हणाली. मी केली. तिने पट्टा माझ्या गळ्यात अडकवला, बंदूक छातीवर आडवी, आणि थोडा वेळ मला तसंच उभं ठेवलं. "ने. पैसे नकोत. आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही." पलीकडे प्रेंग हातातली कुदळ धरून तोंड उघडं टाकून बघत होता. फुकट मिळाली म्हणून जळला असेल.

नळीत गज घालून बघितला नाही. यजमानाने दिलेली बंदूक त्याच्या अंगणात तपासायची म्हणजे त्याच्या शब्दावर शंका घेणं. हे लोक ते जन्मभर विसरत नाहीत.

१५ मे, बुधवार



आज सकाळी नेहमीप्रमाणे नळीत गज घातला, तोंडाशी अंगठ्याने खूण धरली, गज बाहेर काढून नळीशेजारी ठेवला. नळीच्या कानापर्यंत, बुडाशी दारू पेटते त्या छिद्रापर्यंत, पोचायला हवा. चार बोटं अलीकडेच थांबला. पुन्हा घातला. पुन्हा तेच.

बंदूक भरलेली आहे.

मंडळातल्या नव्या पोरांना मी दर वेळी बजावतो, 'आधी गज, मग गप्पा.' आणि मी स्वतः ही भरलेली बंदूक मागच्या सीटवर आडवी टाकून, नळीचं तोंड माझ्या कानाशी, दगडांवरून आपटत चार तास आणली. वाटेत गाणं म्हणत होतो.

१७ मे, शुक्रवार

बार काढला. खरं तर आधी पाणी ओतून दारू भिजवायला हवी होती. नाही ओतलं. जुनी दारू बघायची हाव सुटली होती, कबूल करतो. चकमकीचा दगड काढला, बंदुकीच्या कानात मेण भरलं, गजाच्या टोकाला स्क्रू लावला आणि दवाखान्यातल्या खुर्चीवर बंदूक बांधून शिशाच्या गोळीत फिरवत गेलो. दाढ काढण्यासारखंच: ओढायचं नाही, हलवत राहायचं. पाऊण तासाने गोळी आली. मागोमाग चिंधी. मग दारू.

गोळीवर सुरीने कोरलेला क्रूस आहे. दारू कोरडी ठणठणीत. चिमूटभर बशीत घेऊन काडी लावली तर भप्पकन उडाली, भुवया थोडक्यात वाचल्या. म्हणजे जितकी वर्षं ती चुलीवर टांगलेली होती, तितकी वर्षं जिवंत होती! आणि खाली ती बाई भाकऱ्या भाजत होती.

चिंधी तागाची, हातमागाची, कॉलरच्या शिवणीजवळून फाडलेली. तिच्यावर तपकिरी डाग आहेत. चाळीस वर्षं रोज रक्त पाहतोय, मला सांगायला नको. भरताना कुणाचा तरी हात कापला असावा.

गोळी, चिंधी आणि दारू चूळ भरायच्या काचेच्या पेल्यांत झाकून ठेवली आहेत. जुलैच्या शेवटच्या रविवारी मंडळाची स्पर्धा आहे. हीच घेऊन उतरणार. सगळ्यांची थोबाडं बघायची आहेत मला.

२६ मे, रविवार

काय लिहू. लिहिल्याशिवाय मात्र बसवत नाही.

प्रार्थना आटोपून लिझा आत्याला घरी जेवायला आणलं. नव्वद वर्षांची आहे, कान तिखट, जीभ त्याहून. बंदूक दाखवली. आधी म्हणाली, "आणखी एक? तुझा बाप टपाल तिकिटं जमवायचा, त्यांचा निदान आवाज तरी होत नव्हता." मग हात फिरवता फिरवता थांबली. "कोणत्या गावची?"

"ब्रेगमालची."

"कोणत्या घरातली?"

"डीला म्हणून एक बाई आहे. भाऊ होता, पाश्क, तो दहा वर्षांपूर्वी वारला, प्रेंग सांगत होता. आता एकटीच..."

आत्या उठली. काठी न घेता उठली. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दाराला कडी घातली. बाहेर लख्ख दुपार. मी म्हटलं, "आत्या, काय झालं?" तर मलाच दरडावून म्हणाली, "हळू बोल."

आणि मग सांगितलं. एकोणीसशे सदतीस साली, ती आठ वर्षांची असताना, आजोबांचं ब्रेगमालमध्ये पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं. आजोबांनी गोळी घातली. एकच. समोरचा पाटातच पडला. तो डीलाचा आणि पाश्कचा बाप. त्याच दिवशी आजोबा घरदार सोडून सगळ्यांना घेऊन खाली आले, आडनाव बदललं, आणि पुढे त्या गावाचं नाव घरात काढलं नाही.

"व्यापाराला आले म्हणून सांगायचे," मी म्हटलं.

"मग काय सांगणार? तुला मांडीवर घेऊन खून सांगायचा?"

आमच्यात रक्ताला रक्त. मारणारा मेला तरी त्याचा मुलगा आहे, नातू आहे, पणतू आहे. हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच असतं. ते दुसऱ्यांच्या घरी असतं एवढंच वाटत होतं.

मी पेले आणून दाखवले. आत्याने चिंधी पाहिली आणि क्रूस केला. "पाटात पडला त्याच्या सदऱ्याची आहे. त्याच्या बायकोने भरली असणार. तुझ्या आजोबासाठी. मग तुझ्या बापासाठी."

पुढचं नाव तिने घेतलं नाही.

२७ मे, सोमवार

दवाखाना बंद ठेवला. दिवसभर एकच आठवतंय. त्या बाईच्या चुलीपाशी बसून, तिची भाकरी खात, मी म्हणालो होतो: एका गोळीत खाली. कधी नेम चुकला नाही.

आणि हसलो होतो.

२९ मे, बुधवार

मिलानहून अल्बीनचा फोन. तीन ऑगस्टला येतोय, बायको आणि पोरीला घेऊन. पोरीला डोंगर दाखवायचे आहेत म्हणे. मी म्हटलं, यंदा नको. घराला रंग काढलाय.

"ऑगस्टपर्यंत रंग चालणारे? बाबा, घर आहे का कॅथेड्रल?"

काहीतरी बोलून फोन ठेवला. एकतीस वर्षांच्या पोराशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. आजोबांची गादी बरोब्बर पुढे चालवतोय.

२ जून, रविवार

आत्याकडे गेलो होतो. बंदूक मी रिकामी केली यावर तिचा जीव अडकलाय. "रक्तासाठी भरलेली बंदूक भरणारं घरच रिकामी करतं. तू कोण? ज्याच्यासाठी भरली त्यानेच खरवडून काढली! ही त्यांची चेष्टा झाली, गास्पर."

"पण तिनेच दिली मला."

"कशी दिली? हातात?"

मी गळ्यातल्या पट्ट्याचं सांगितलं. आपल्यात क्षमा मागायला जाताना मारणाऱ्याच्या घरचा माणूस गळ्यात बंदूक अडकवून, मान खाली घालून त्यांच्या अंगणात जातो. ते मलाही माहीत आहे, लहानपणी एकदा पाहिलंय. पण मी तर भाव करायला गेलो होतो. क्षमा मी मागितलीच नव्हती.

"याचा अर्थ काय, आत्या?"

"एक तर तिने सोडलं तुला, नाही तर अख्ख्या गावासमोर माकड केलं. मला नाही सांगता येत. तू अल्बीनला येऊ देऊ नकोस."

५ जून, बुधवार

दुपारी प्रेंगचा फोन आला. "डॉक्टर, डीला म्हणते शनिवारी या. बंदूक आणा. आणि आतून जे काढलंत तेही आणा."

"मी काढलं हे तिला कसं कळलं?"

"ती म्हणते, ज्याला दुसऱ्याच्या तोंडात हात घातल्याशिवाय राहवत नाही त्याला नळीत घातल्याशिवाय काय राहवणार?" आणि फोन ठेवला. हसला की नाही ते ओळखू आलं नाही.

जायचं की नाही? पोलिसांत जाऊन काय सांगू, एका म्हातारीने मला बंदूक भेट दिली? जाणार आहे. न जाऊन अल्बीनला जन्मभर मिलानमध्ये ठेवता येणार नाही. दवाखान्याच्या किल्ल्या आत्याकडे दिल्या. तिने कपाळाचा मुका घेतला, मी आठ वर्षांचा असताना घ्यायची तसा.

८ जून, शनिवार

परत आलोय. डाव्या कानात शिट्टी वाजतेय, पण सगळं आजच लिहून काढतो.

अंगणात डीला आणि प्रेंग, दोघंच. मी कुंपणाबाहेर गाडी लावली, बंदूक स्वतःच गळ्यात अडकवली आणि मान खाली घालून आत गेलो. म्हणालो, "माई, मला ठाऊक नव्हतं. आजोबांच्या वतीने..."

"आता घातलीस होय गळ्यात," ती म्हणाली. "त्या दिवशी डावखुऱ्या कोलची फुशारकी मारत होतास, तेव्हा वाटलं होतं भिंतीवरून उतरवावी आणि तिथल्या तिथे ओढावा चाप. शपथेवर सांगते."

"मग का नाही ओढलास?"

तिने हात पुढे केला. पेले मागितले. चिंधी बोटांनी चाचपली, कॉलरची शिवण पाहिली आणि चोळीत ठेवली. "हा माझा बाप. हा परत जाणार नाही." मग आपल्या ॲप्रनचा कोपरा टर्रकन फाडून मला दिला. "भर."

"मी?"

"मला गज पेलतोय का? दारू कमी का दिसते?"

"थोडी जाळून बघितली."

"बघ प्रेंग, याच्यात गाढव बसलंय आणि लोक याला डॉक्टर म्हणतात."

मी भरली. दारू, ॲप्रनची चिंधी, क्रूस कोरलेली गोळी. माझ्यासाठी ओतलेली गोळी मी माझ्याच हाताने ठासत होतो. बंदुकीच्या कानाशी रंजक, ठिणगीने पेटणारी बारीक दारू, घातली. ती म्हणाली, "इकडे पाठ कर. गुडघे टेक."

मी टेकले. नळीचा भार डाव्या खांद्यावर आला, गार. अल्बीन आठवला. घराच्या रंगाचं खोटं आठवलं. पळावंसं वाटलं नाही हे खरं नाही. पाय हलले नाहीत हे खरं.

"आमच्या रिवाजात बाईला मोजत नाहीत," मागून तिचा आवाज आला. "पण या घरात आता पुरुष नाही. तेव्हा मोजावं लागेल. हलू नकोस, एवढी लांब बंदूक मला टेकूशिवाय धरवत नाही."

घोडा पडला. एक श्वासभर काहीच नाही. मग कानाशी आभाळ फाटलं. धूर, आणि धुरापलीकडे दरीच्या समोरच्या कड्यावरून दगडांचा चुरा घरंगळत खाली. मी जमिनीवर पालथा. ती काहीतरी बोलत होती, ते उजव्या कानानेच ऐकू आलं.

"भरली आमच्या घराने, रिकामी आमच्याच घराने केली. ऊठ आता."

खालून, वरून, बायाबापड्या कुंपणापाशी धावत आल्या. "कोण गेलं? कोण गेलं?" प्रेंग त्यांना ओरडून सांगत होता, "कुणी नाही! घरी जा! कुणी नाही!" आणि स्वतः ढसाढसा रडत होता. मला कळेना, याला काय झालं.

ते डीलाने आत बसल्यावर सांगितलं.

राजवट बदलल्यावर, ब्याण्णवच्या हिवाळ्यात, पाश्कने आमचं नवीन आडनाव हुडकून काढलं. कोटाखाली पिस्तूल घेऊन श्कोडरला आला. माझ्या दवाखान्यात. मी तेव्हा घरातला एकटाच कर्ता पुरुष. पण अकरा दिवस त्याची दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. मी दार उघडलं, सुजलेला गाल बघितला, हाताला धरून थेट खुर्चीत बसवला. कशाला आलास, हे त्याला बोलूच दिलं नाही.

"घरी येऊन म्हणाला," डीला सांगत होती, "'त्याने डावा हात माझ्या हनुवटीखाली धरला, डीला. म्हणाला, दुखणार नाही. आणि खरंच दुखलं नाही. मग मला कोटात हात घालवेना.'"

मी माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिलो.

"मग गावाला कळलं, गेला आणि दात काढून परत आला. सतरा वर्षं, मरेपर्यंत, कुणाच्याही घरी गेला तरी त्याला कॉफी गुडघ्याखालून."

ज्याने घरचं रक्त घेतलं नाही त्याला आपल्याकडे कप हातात देत नाहीत. यजमान पाय उचलतो आणि कप स्वतःच्या गुडघ्याखालून पुढे सरकवतो. घ्यायचा तर घे. पाश्क घ्यायचा, प्यायचा, आभार मानायचा.

"माझ्याही घरी," प्रेंग म्हणाला. "सतरा वर्षं. मीही."

मग तो उठला. कॉफी ओतली. एक कप डीलाला, एक मला. तिसरा उजव्या हातात धरला, डावा हात छातीवर ठेवला, कमरेत वाकला आणि चुलीशेजारी पाश्क बसायचा त्या रिकाम्या उशीसमोर ठेवला. त्या कपाला कुणी हात लावला नाही. मी निघालो तेव्हा गार होऊन तिथेच होता.

त्याआधी खिडकीशी बसवून डीलाची दाढ काढली. बंदूक तिच्याकडेच ठेवून आलो. तिने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. "ठेव. रिकामी आहे," म्हटलं. निघताना ती गालाला फडकं धरून म्हणाली, "पोराला घेऊन ये. सगळ्यांना दिसू दे."

९ जून, रविवार

सकाळी माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. सापडली.

"१८ फेब्रुवारी १९९२. वीज नाही. चौदा रोगी. डोंगरातला एक, गाल भयंकर सुजलेला, रांगेत शेवटी उभा होता, त्याला आधी घेतला. कोट काढायला तयार नाही. खालची दाढ. पैसे घेतले नाहीत. जाताना दारात उभा राहून बघत बसला. म्हटलं, उद्या सूज उतरेल. विचित्र माणूस. रॉकेल संपलंय, उद्या आणणे."

एवढंच. त्या दिवशी मी मरायचा वाचलो आणि लिहिलं काय, तर रॉकेल.

दहा वेळा वाचलं. मग मिलानला फोन लावला.

"अल्बीन, रंग रद्द. तुम्ही या."

"बाबा, ओरडताय कशाला?"

"ओरडत नाही. एका कानाने ऐकू येत नाहीये. तू ये. तीन ऑगस्टला नको, आधीच ये, पोरीलाही आण."

"का? काय झालंय काय?"

"आल्यावर सांगतो. वर डोंगरात एका घरी कॉफीला जायचंय."